माहेरी पोचलेली वही

मराठीत 'पर' या शब्दाने सुरू होणारी एक मोठी वस्ती आहे : परलोक, परदेश, परगाव, परघर. परलोकात माणूस मेल्यावर जातो, परदेशात पोटासाठी जातो आणि परघरी मुलगी 'दिली' जाते. जपानी भाषेतल्या 'इसेकाई' या शब्दाचा कोशातला अर्थ 'वेगळे जग' एवढाच आहे. पण ज्या कथाप्रकाराला आज हे नाव मिळाले आहे, त्यात आपल्या या तिन्ही 'पर'चे अर्थ एकत्र नांदताना दिसतात. एक मुलगी, बहुधा शाळकरी, रोजच्या वाटेवरून अचानक नाहीशी होते आणि तिला ओळखणारे कोणीही नाही अशा जगात येऊन पडते. तिथे राजपुत्र असतो, युद्ध असते, भाकिते असतात आणि प्रेम तर असतेच. मुलींसाठीच्या जपानी चित्रकथांत, म्हणजे शोजो मांगांत, हे कथानक गेली जवळजवळ 50 वर्षे पुन्हापुन्हा रचले जात आहे.

आम्ही दोघी महाविद्यालयात मराठी शिकवतो. या चित्रकथा आमच्यापर्यंत विद्यार्थिनींच्या हातून आल्या आणि आम्ही त्या इंग्रजी अनुवादातून वाचल्या. आपल्या दृष्टीने मागच्या बाजूने पुस्तक उघडायचे आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या, हे चार-दोन प्रकरणांत अंगवळणी पडते. या चित्रकथांची आणखी एक रीत मात्र आम्हांला विशेष ओळखीची वाटली. पात्र जे मोठ्याने बोलते ते फुग्यात लिहिलेले असते. पण नायिका जे मनात म्हणते ते फुग्याबाहेर, चौकटीच्या कडेला, कधी दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत तरंगत असते. जात्यावरच्या ओव्या शिकवणाऱ्याला हा आवाज अनोळखी नाही. घरातल्या कोणी ऐकावी म्हणून ओवी म्हटलेली नसते, आणि तरीही ती कोणाला तरी सांगितलेली असते. हे 'कोणाला तरी' म्हणजे कोण, हाच प्रश्न मनात धरून आम्ही या कथा वाचत गेलो.

या परंपरेतले एक आद्य आणि ठळक नाव म्हणजे चिएको होसोकावा यांची 'ओउके नो मोन्शो', म्हणजे 'राजघराण्याचे चिन्ह'. 1976 साली 'प्रिन्सेस' या मासिकातून ती सुरू झाली. कॅरोल ही सोळा वर्षांची अमेरिकन मुलगी कैरोत राहून पुरातत्त्वाचा अभ्यास करते आहे. एका तरुण फॅरोचे थडगे उघडले जाते, त्याची बहीण आयसिस हिचा शाप लागतो आणि कॅरोल प्राचीन इजिप्तमध्ये ओढली जाते. ज्याचे थडगे उघडले तो मेम्फिस तिथे जिवंत आहे, आणि तोच तिच्या प्रेमात पडतो. कॅरोल अधूनमधून आधुनिक काळात परतते, तिचा भाऊ तिला शोधत राहतो, आणि दोन्ही काळांत ती अर्धीअर्धीच असते.

1990 च्या दशकात हा प्रकार भरास आला. क्योको हिकावा यांची 'कानाता कारा' (दुरून) 1991 मध्ये, यू वातासे यांची 'फुशिगी युउगी' (अद्भुत खेळ) 1992 मध्ये आणि चिए शिनोहारा यांची 'सोरा वा आकाई कावा नो होतोरी' (इंग्रजीत 'रेड रिव्हर') 1995 मध्ये सुरू झाली. या तिन्ही कथांच्या नायिका शाळेत जाणाऱ्या जपानी मुली आहेत, आणि तिघींच्याही दृष्टीने परजगात जाणे ही स्वतः केलेली निवड नाही. 'फुशिगी युउगी'तली मियाका प्रवेशपरीक्षेच्या दडपणाखाली आहे. आईने पसंत केलेल्या शाळेत प्रवेश मिळालाच पाहिजे, असे तिच्यावर ओझे आहे. ग्रंथालयात सापडलेल्या एका जुन्या पुस्तकात ती शिरते. 'रेड रिव्हर'मधल्या युरीला साचलेल्या पाण्यातून आलेले हात खाली ओढतात आणि ती हत्ती साम्राज्याच्या राजधानीत, हत्तुशात, बळी देण्यासाठी आणली जाते.

अशा वाङ्मयाला आपल्याकडे लावायचे लेबल तयारच असते. 1861 साली 'मुक्तामाला' आली तेव्हापासून अद्भुतरम्य कथेबद्दल मराठी समीक्षेच्या मनात एक अढी आहे. आधी तिला असंभाव्य म्हटले गेले, मग स्वप्नरंजन आणि पुढे पलायनवाद. पलायनाच्या आरोपाला टॉल्किन यांनी परीकथांवरील आपल्या 1939 सालच्या व्याख्यानात दिलेले उत्तर आम्ही वर्गात सांगतो : कैद्याचे निसटणे आणि शिपायाचे रणातून पळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टीकाकार त्यांची गल्लत करतात. हे उत्तर चांगले असले तरी इथे ते पुरत नाही. या नायिका पळालेल्या नाहीत, त्यांना नेले गेले आहे. ज्याला नेले जाते त्याच्यापुढे 'सुटलो का' हा प्रश्न नसतो. 'मागे जे राहिले त्याचे काय' हा असतो. एखादी इसेकाई कथा सकस की सुमार हे आम्ही आता याच कसोटीवर ठरवतो. राजपुत्र किती देखणा आहे यापेक्षा मागे राहिलेल्या घराचे कथेने काय केले, हे आम्ही आधी पाहतो.

या कसोटीवर 'कानाता कारा' आम्हांला सर्वांत सरस वाटते. 1991 ते 2003 एवढा काळ ही कथा चालली, आणि 2004 साली विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा जपानमधला सेइउन पुरस्कार तिला मिळाला. नोरिको ही साधी शाळकरी मुलगी एका बॉम्बस्फोटाच्या क्षणी आपल्या जगातून फेकली जाते. जिथे ती पडते त्या जगात भाकीत असे, की एक 'जागृती' येईल आणि तिच्यामुळे 'आकाशीचा दैत्य' जागा होईल. त्या जागृतीचा नाश करायला इझार्क नावाचा तरुण आलेला असतो. जागृती म्हणजे ही भेदरलेली मुलगी, आणि दैत्य म्हणजे खुद्द तोच.

एवढ्यावर ही एक चांगली प्रेमकथा झाली असती. हिकावा यांनी त्यात एक गोष्ट घातली, जी या प्रकारातल्या बहुतेक लेखकांनी सोयीसाठी टाळली : नोरिकोला तिथली भाषा येत नाही. इतर कथांत नायिका पडते आणि पुढच्या पानावर राजाशी वाद घालते. भाषा जादूने येते किंवा तो प्रश्नच कोणी विचारत नाही. इथे फुग्यांत अनोळखी अक्षरे दिसतात. नोरिको एकेक वस्तू दाखवते आणि शब्द विचारते. तिची वाक्ये तुटकी असतात आणि तिच्या मनातले बोलणे मात्र सफाईदार असते, कारण ते तिच्या भाषेत चालते. वाचकाला एकाच पानावर दोन नोरिको दिसतात. फुग्यातली मुलगी बोबडी आहे, आणि फुग्याबाहेरची चतुर, विनोदी, विचारी. परक्या भाषेत माणूस मूर्ख ठरतो हा अनुभव इतक्या थोडक्यात दाखवलेला आम्ही दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलीला तो समजावून सांगावा लागत नाही. आणि म्हणूनच इझार्क आणि नोरिको यांच्यातले प्रेम विश्वसनीय होते : प्रत्येक शब्द तिने कमावलेला आहे, तो ऐकण्यासाठी तो थांबलेला आहे.

भाषेइतकेच नावाचेही आहे. कॅरोल इजिप्तमध्ये 'नाईलची कन्या' होते. युरीला हत्तुशात लोक इश्तार देवीचा अवतार मानतात आणि सैन्य त्याच नावाने तिचा जयघोष करते. मियाका सुझाकु देवतेची पुजारीण होते. नाव मोठे होत जाते तशी जुन्या नावाने हाक मारणारी माणसे कमी होत जातात. आमच्यापैकी एकीचे नाव लग्नात बदलले. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, सगळ्यांना पेढे वाटले गेले आणि कोणाच्याही मनात काही वाईट नव्हते. पुढे काही वर्षे तिच्या आईची आंतर्देशीय पत्रे येत. पत्त्याच्या बाजूला नवे नाव, कारण पोस्टमनला तेच ठाऊक. आत मायन्यात जुने. पत्र उघडणे म्हणजे एका नावातून दुसऱ्या नावात शिरणे होते. आई गेली तेव्हा त्या नावाने हाक मारणारे घरातले शेवटचे माणूस गेले. आजही दरवर्षी परीक्षा अर्जांच्या दिवसांत एखादी नवविवाहित विद्यार्थिनी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राची प्रत घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी उभी असते, आणि आम्ही दोघी तिला कोणत्या नावाने हाक मारावी असा क्षणभर विचार करतो.

म्हणून 'रेड रिव्हर'मधली परतीची अट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटली. युरीला परत जायचे असेल तर येताना तिच्या अंगावर जे कपडे होते तेच लागणार असतात. शाळकरी मुलीचे ते साधे कपडे मिळवण्यासाठी कथेत जीव जातात. शेवटी युरी परतत नाही. राजपुत्र काइल मुर्सिलीसोबत ती राहते आणि हत्ती साम्राज्याची तावानान्ना, म्हणजे पट्टराणी, होते. हा मुर्सिली इतिहासातला दुसरा मुर्सिली आहे. आपल्या सावत्र आईने, म्हणजे बाबिलोनहून आलेल्या राणीने, शाप घालून आपली पत्नी मारली असा त्याचा आरोप मातीच्या विटांवर कोरलेला सापडला आहे. बोगाझकोय येथे 1906 पासून झालेल्या उत्खननांत हत्तुशाचे हे दप्तर बाहेर आले. मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांची नावे असलेला मितानी राजाबरोबरचा तहही तिथलाच, आणि तो करणारा हत्ती राजा सुप्पिलुलिउमा हा मुर्सिलीचा बाप. शिनोहारा यांनी त्या सावत्र आईवरून नाकिया राणी उभी केली. अस्सल दप्तरात राजा बोलतो. चित्रकथेत राणी बोलते, आणि तिचे बोलणे बरेचसे फुग्याबाहेर असते.

मागे राहिलेल्या माणसांच्या बाजूने पाहायचे तर 'फुशिगी युउगी'कडे वळावे लागते. मियाका पुस्तकात शिरते तेव्हा तिची जिवलग मैत्रीण युइ बाहेर बसून तेच पुस्तक वाचत असते, आणि मियाकाचे जे होते ते पानांवर उमटत जाते. पुढे युइ स्वतः आत जाते, मियाकाची प्रतिस्पर्धी होते आणि मग वाचनाचे काम मियाकाच्या भावाकडे येते. बहिणीच्या संकटाचा मजकूर वाचणारा आणि तिला हात देऊ न शकणारा हा भाऊ कथेतले आम्हांला सर्वांत जवळचे पात्र वाटते. याच पुस्तकाची पूर्वकथा वातासे यांनी 2003 ते 2013 या काळात 'गेन्बु काइदेन' म्हणून लिहिली. तिची नायिका ताकिको ही त्या पुस्तकाचा जपानी अनुवाद करणाऱ्या ओकुदा यांची मुलगी आहे. मुलीपेक्षा ग्रंथात रमणारा हा बाप शेवटी आपल्याच अनुवादात मुलीचे हाल वाचतो. देवता आपल्या पुजारिणीला गिळते हे त्याला कळते, आणि ते सोसवेनासे होऊन तो मुलीला मारतो आणि स्वतःही मरतो. हा शेवट आम्हांला मान्य नाही. मुलीचे दुःख पाहवत नाही म्हणून तिचे आयुष्यच आपल्या हातात घेणारे बाप कथेबाहेरही पुष्कळ आहेत. पण वाचणे हे निरुपद्रवी काम नसते, एवढे तरी वातासे यांनी तिथे निःसंदिग्धपणे लिहिले आहे.

या चित्रकथांची उणी बाजूही सांगितली पाहिजे. भविष्याचे ज्ञान असलेली परकी मुलगी येते आणि स्थानिक प्रजा तिला देवी मानते, ही रचना वसाहतवादी साहित्यातून आपल्या चांगल्या परिचयाची आहे. कॅरोलच्या सोनेरी केसांनी इजिप्त दिपून जातो तेव्हा ते उघडच दिसते. अपहरण आणि बलात्काराचे भय हे कथानक पुढे ढकलण्याचे साधन म्हणून 'फुशिगी युउगी'त आणि 'रेड रिव्हर'मध्ये इतक्या वेळा वापरले आहे की वाचक बधिर होतो. नायकाने वाचवावे म्हणून नायिकेने संकटात पडावे, हे चक्र 28 खंडांच्या 'रेड रिव्हर'मध्ये किती वेळा फिरते ते आम्ही मोजायचे सोडून दिले. विद्यार्थिनी या गोष्टी आमच्याआधी ओळखतात आणि तरीही वाचतात. त्यांना त्या कळत नाहीत असे समजणारा शिक्षक त्यांचे वाचन समजू शकणार नाही.

2010 नंतर या प्रकारात एक मोठा बदल झाला. आता नायिका बहुधा नेली जात नाही. ती मरते आणि नव्या जगात जन्म घेते. सातोरू यामागुची यांच्या कथेवरून झालेल्या 'हामेफुरा'तली कातारिना आठ वर्षांची असताना डोक्याला मार लागून तिला पूर्वजन्म आठवतो, आणि आपण एका प्रेमखेळातल्या खलनायिकेच्या जन्माला आलो आहोत हे कळते. खेळात या पात्राच्या नशिबी हद्दपारी किंवा मरण आहे. हद्दपार झाल्यावर पोट भरता यावे म्हणून ही सरदारकन्या शेती शिकू लागते. हे फार गमतीदार आहे. पण परतीचा प्रश्न यात पहिल्याच पानावर निकालात निघतो. मेलेल्याला घरी जायचे नसते. जुन्या नायिकेला निवड करावी लागे. नव्या नायिकेची त्या निवडीतून सुटका झाली आहे. घर सोडल्याचा दोष मुलीच्या माथी येऊ नये म्हणून तिला आधीच मारून टाकायचे, ही युक्ती लेखकांना का सुचली असेल याचा विचार आम्ही पुष्कळ केला. परत जावेसे वाटेल असे घरच आता वाचकाच्या कल्पनेत उरले नाही, असे एक उत्तर आमच्या एका विद्यार्थिनीने दिले. ते आम्हांला खोडता आले नाही.

तरीही त्याच नव्या लाटेत मिया काझुकी यांची 'होन्झुकी नो गेकोकुजो' आहे. 2013 पासून ती आंतरजालावर क्रमशः आली, पुढे तिची चित्रकथाही झाली. तिच्यात प्रेम उशिरा आणि मुंगीच्या पावलांनी येते, पण आमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. उरानो ही ग्रंथवेडी मुलगी भूकंपात पुस्तकांखाली चिरडून मरते आणि माइन नावाची, एका शिपायाची अशक्त मुलगी म्हणून जन्मते. त्या गरिबाघरी पुस्तक नाही, कागदही नाही. ती मातीच्या पाट्या करते, त्या भट्टीत फुटतात. लाकडाच्या पट्ट्या करते, त्या आई सरपण समजून जाळते. शेवटी झाडाच्या सालीपासून कागद होतो, आणि त्यावर ती काय लिहिते, तर या नव्या आईने रात्री सांगितलेल्या गोष्टी. पुढे एका प्रसंगी जादूच्या साधनाने तिच्या आठवणी उलगडतात आणि तिला पहिल्या जन्मातली आई दिसते. जिवंतपणी न मागितलेली क्षमा ती तिथे मागते. आणि त्याही पुढे माइनला सरदारकुळात दत्तक जावे लागते, नाव बदलून रोझेमाइन व्हावे लागते आणि आपल्याच आईबापांना आईबाप म्हणायचे नाही अशा करारावर सही करावी लागते. परलोक आणि परघर या कथेत एकाच मुलीच्या वाट्याला येतात. त्यानंतर त्या घराशी तिचा संबंध उरतो तो चोरून पोचवलेल्या पत्रांचा.

माणूस एका जगातून दुसऱ्या जगात गेला की बहुधा परत येत नाही; लिहिलेले मात्र येते. या प्रकारातल्या चांगल्या कथांना हे ठाऊक आहे. फुग्याबाहेरचा तो आवाज कोणाला उद्देशून आहे, याचे आमचे उत्तर असे, की तो घरी लिहिलेल्या आणि अजून न टाकलेल्या पत्राचा मजकूर आहे. प्रेमकथा वाचत आहोत अशी वाचकाची समजूत असते, आणि ती खोटीही नाही. पण तो ज्या जागेवरून वाचतो आहे ती जागा मागे राहिलेल्यांची आहे. नायिकेच्या जुन्या नावाने तिला ओळखणारा, तिच्या दोन्ही भाषा कळणारा असा त्या सबंध कथेत तोच एक असतो.

जपानी वाङ्मयाला ही जाण हजारएक वर्षांपासून आहे. 'ताकेतोरी मोनोगातारी'त चंद्रलोकातून पृथ्वीवर आलेली कागुयाहिमे हिला न्यायला तिचे लोक येतात. त्यांनी आणलेले दिव्य वस्त्र अंगावर घेतले की इथल्या माणसांची सगळी माया विसरली जाते. वस्त्र घालण्याआधी ती थोडा वेळ मागून घेते आणि पत्र लिहिते. सम्राटाला ते पत्र आणि अमरत्वाचे औषध मिळते. पण ती नसताना अमर होऊन काय करायचे म्हणून तो दोन्ही पर्वतशिखरावर जाळायला लावतो.

'कानाता कारा'ची नोरिको परत जात नाही. ती तिथली भाषा शिकली आहे, तिथले तिचे माणूस तिला मिळाले आहे. पण सगळा काळ ती आपल्या भाषेत रोजनिशी लिहीत आलेली असते, आणि कथेच्या शेवटी ती वही तिच्या आईवडिलांच्या घरी पोचते. मुलगी स्फोटात गेली असे समजून बसलेल्या त्या घरात तिचे अक्षर ओळखणारी माणसे अजून आहेत. ती वही जाळत नाहीत, उघडून वाचायला बसतात.